चमचा तिरका करून बघा: बाळाच्या पेजेत नक्की जेवण किती?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

आजचा विषय थोडा वेगळा आहे. नेहमी आपण मोबाईल, अ‍ॅप, नोकरी, पगार असं काहीतरी बोलतो. आज बोलायचंय पेजेवर. होय, तांदळाची पेज, नाचणीची पेज, उकडलेलं सफरचंद, कुस्करलेलं केळं. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला आपण जे भरवतो ते.

ज्यांना मूल नाही त्यांनी लगेच बंद करू नका. तुम्ही मामा असाल, आत्या असाल, काका असाल, आणि उद्या कुणीतरी वाटी-चमचा तुमच्या हातात देईलच.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. कोड लिहिणारा माणूस आहे. पण गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या बाबतीत आमची एक चूक झाली. ती चूक मुख्यतः माझी होती, आणि ती कशी झाली हे कळायला मला आकडेमोड करावी लागली. ती आकडेमोड आज तुमच्यापुढे मांडतो.

वजनाची रेघ आडवी झाली

आम्ही तिला चिऊ म्हणतो. सहाव्या महिन्यात उष्टावण झालं. मामाच्या मांडीवर बसून तिनं चांदीच्या वाटीतली खीर चाटली, फोटो झाले, सगळं छान. चार-पाच दिवसांनी मी तिला मऊ भात भरवत होतो आणि ती जोरात खोकली. तोंड लाल, डोळ्यात पाणी. पाच सेकंदांत सावरली, पण मी इतका घाबरलो की त्याच दिवशी फर्मान काढलं: यापुढे सगळं पातळ करायचं, गाळून द्यायचं.

तेव्हा आई, म्हणजे चिऊची आजी, गावाहून आमच्याकडे पुण्याला आली होती. आम्ही मूळचे कोकणातले. तिनं एकदा म्हटलं, "अरे, इतकं पाणी नको रे करूस." मी म्हटलं, "आई, रिस्क नको." संपला विषय.

मग दोन महिने चिऊचा दिवस असा होता. सकाळी वाटीभर तांदळाची पेज. दुपारी वाटीभर नाचणीची पेज, तीही पातळ. संध्याकाळी अर्धी वाटी सफरचंद, उकडून, गाळून. मधून मधून वरणाचं पाणी. आणि अर्थात आईचं दूध. वाटी रिकामी व्हायची, ती ढेकर द्यायची, आम्ही खूष. घरचं, ताजं, साधं. यात चूक काय असणार?

आठव्या महिन्यात वजन केलं. सहाव्या महिन्यात ७.१ किलो होतं, आता ७.३. दोन महिन्यांत २०० ग्रॅम. लसीकरणाच्या कार्डावर तो वाढीचा तक्ता असतो ना, त्यावर तिची रेघ जवळजवळ आडवी झाली होती. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.८. या वयात ते साधारण ११ च्या आसपास हवं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "खायला काय देता?" आम्ही अभिमानानं यादी सांगितली. त्या म्हणाल्या, "पोट भरतंय तिचं. पण पाण्यानं भरतंय."

खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही. बायको नोकरीवर परत रुजू झाली होती, तिला वाटलं तिचं दूध कमी पडलं. आईला वाटलं तिच्या हातचं कमी पडलं. आणि मला आठवत होतं ते माझं फर्मान.

वाटीचा हिशोब

मग मी जे येतं ते केलं. एक्सेल शीट उघडली.

पहिली गोष्ट. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं त्यातल्या ४०० च्या आसपास आईच्या दुधातून मिळतात, म्हणजे वरच्या जेवणातून २०० यायला हव्यात. नऊ ते अकरा महिन्यांत हाच आकडा ३०० होतो. वर्षानंतर साडेपाचशेच्या घरात जातो.

आता चिऊची वाटी. दीडशे मिलिलिटरच्या वाटीभर पातळ पेजेला पीठ लागतं एक मोठा चमचा, म्हणजे १० ग्रॅम. तांदळाच्या १० ग्रॅममध्ये ३५ कॅलरी. बाकी सगळं पाणी. नाचणीचंही तसंच, ३३ धरा. अर्धी वाटी सफरचंद, ७५ ग्रॅम, म्हणजे ४० कॅलरी. बेरीज करा: ३५ अधिक ३३ अधिक ४०, म्हणजे १०८. हव्यात २००.

निम्मं! आणि पोटात गेलं किती? पावणेचारशे मिलिलिटर. या वयाच्या बाळाच्या जठरात एका वेळी मावतं दर किलो वजनाला अंदाजे ३० मिलिलिटर, म्हणजे चिऊचं सव्वादोनशे मिलिलिटरच्या आत. ती जागा आपण पाण्यानं भरली की बाळ खरंच तृप्त दिसतं. रडत नाही, मागत नाही. म्हणून तर लक्षात येत नाही. शिवाय पोट पाण्यानं भरलं की दूधही कमी प्यायलं जातं.

दुसरी गोष्ट, लोह. इथे तर मी उडालोच. बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. आईचं दूध बाकी सगळ्यात उत्तम, पण त्यात लोह फार थोडं असतं. अमेरिकेत ७ ते १२ महिन्यांच्या बाळासाठी लोहाची शिफारस आहे दिवसाला ११ मिलिग्रॅम. माझ्यासारख्या मोठ्या पुरुषासाठी किती? ८! सात किलोच्या जिवाला सत्तर किलोच्या बाप्यापेक्षा जास्त लोह लागतं, कारण त्याचं रक्त आणि मेंदू दोन्ही झपाट्यानं वाढत असतात. आपल्याकडच्या शिफारशीचा आकडा कमी आहे, पण चिऊच्या तिन्ही वाट्या मिळून १ मिलिग्रॅमसुद्धा होत नव्हता.

आणि हे फक्त आमच्या घरातलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच सर्वेक्षणात, देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी साधारण ११ जणांनाच पुरेसा आहार मिळत होता. आपण समजतो हा गरिबीचाच प्रश्न. गरिबी आहेच, पण माझ्या घरात डबे भरलेले होते. तांदूळ होता, डाळ होती, तूप होतं. ते चिऊच्या वाटीपर्यंत पोचत नव्हतं.

पेज वाईट नाही, एकटी पडते

आता कुणी म्हणेल, म्हणजे पेज-फळं बंद करायची का? अजिबात नाही. तांदूळ पचायला हलका आणि बाळाच्या ओळखीच्या चवीचा. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये तिच्या जवळपास कुणी नाही. केळं सालीत झाकलेलं असतं, धुवायची चिंता नाही, शिजवायची गरज नाही, आणि १०० ग्रॅमला ९० कॅलरी देतं, सफरचंदाच्या जवळपास पावणेदोनपट. पाया म्हणून हे सगळं उत्तम आहे. पण पाया म्हणजे घर नव्हे.

धान्यात प्रथिनं असतात, पण लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो. डाळीत तो भरपूर असतो. डाळीत जे कमी, ते धान्यात असतं. म्हणून वरण-भात एकत्र. धान्यात आणि डाळीत लोह असतं, पण फायटेट नावाचा पदार्थ ते धरून ठेवतो, शरीराला सहज सोडत नाही. सोबत क जीवनसत्त्व आलं की तेच लोह जास्त शोषलं जातं. म्हणून वर लिंबू. आणि तूप? एका लहान चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये, ४५ कॅलरी. वाटीभर पातळ पेजेपेक्षा जास्त, आणि जागा घेतं चमचाभर.

वरण, भात, तूप, लिंबू. मंडळी, आपण प्रत्येक लग्नाच्या पंगतीत हे जेवतो. सणाला नैवेद्य दाखवतो तोही याचाच. आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाला, ज्याला याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याला आपण त्यातलं वरचं पाणी काढून देतो! वरणाच्या पाण्यात डाळीचा रंग असतो, वास असतो. डाळ खाली राहते.

आईचं खिमट

मी ही शीट आईला दाखवली. म्हटलं, बघ, डाळ-तांदूळ एकत्र हवेत, घट्ट हवेत, वर तूप हवं. तिनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "अरे, हे तर खिमट झालं. तुला मी खिमटच भरवायचे."

मी गप्प.

कोकणातल्यांना माहीत असेल. तांदूळ आणि मुगाची डाळ धुवून वाळवायची, मंद भाजायची, जाडसर भरड काढून डब्यात ठेवायची. हवं तेव्हा मऊ शिजवायची. मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "बोलले होते ना, पाणी नको करूस म्हणून. तू म्हणालास रिस्क नको. तुम्ही शिकलेले." यावर काय बोलणार? माझी माफी मागायची पद्धत म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तांदूळ-डाळ भाजायला बसलो. थोडी करपवलीसुद्धा.

आता हिशोब. भरड २५ ग्रॅम: तांदूळ १५, मूगडाळ १०. त्याच्या ८७ कॅलरी. वर एक लहान चमचा तूप, ४५. एकूण १३२. वाटी तीच, दीडशे मिलिलिटरची. पेजेत ३५ होत्या. सुरुवातीला चिऊ अर्धीच वाटी खायची आणि मला टेन्शन यायचं, पण अर्ध्या वाटीच्या झाल्या ६६. पूर्ण वाटी पेजेच्या जवळजवळ दुप्पट! बाळानं किती संपवलं यापेक्षा संपवलं त्यात काय होतं, हे बघायचं.

घट्टपणाची परीक्षा सोपी आहे. चमचा भरा आणि तिरका करा. घास चमच्यावर टिकला, सावकाश घसरला, तर बरोबर. पाण्यासारखा ओघळला, तर अजून शिजवा किंवा भरड वाढवा.

आणि माझी भीती? डॉक्टरांनी समजावलं. नवीन चव, नवीन घट्टपणा आला की बाळ खोकतं, ओकारी काढल्यासारखं करतं. आवाज येतोय, खोकतंय, म्हणजे ते स्वतःच घास पुढे ढकलतंय, शिकतंय. आवाजच बंद होणं, श्वास अडकणं, ओठ निळे पडणं, हे धोक्याचं. म्हणून बाळाला ताठ बसवून भरवायचं, जवळ बसायचं, हातात मोबाईल नको. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे असलं काही द्यायचं नाही.

मोड आणल्यावर काय होतं

नाचणीचं एक गंमतीशीर शास्त्र सांगतो, इंजिनिअर मंडळींना आवडेल.

पीठ शिजलं की त्यातला स्टार्च पाणी ओढून फुगतो. म्हणून थोडंसं पीठ टाकलं तरी पेज घट्ट होते, आणि घट्ट झाली म्हणून आपण पाणी ओततो. इथेच कॅलरी हरवतात. पण धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते स्टार्चच्या लांब साखळ्या कापतं. मग जास्त पीठ घातलं तरी लापशी मऊ, सैल राहते. पाणी न वाढवता! बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. मोड आलेल्या धान्याचं चमचाभर पीठ घट्ट लापशीत घातलं की ती सैल होते, आणि बाळ तेवढ्याच वाटीत जास्त खाऊ शकतं.

घरी करून बघा. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, चांगली वाळवा, दळा. घट्ट लापशी शिजवून थोडी निवली, पण अजून गरम आहे, तेव्हा या पिठाचा एक लहान चमचा घालून ढवळत रहा. काही मिनिटांत सैल होताना दिसेल. मग पुन्हा एक उकळी काढा, कारण पीठ कच्चं असतं. फार खरपूस भाजलेल्या पिठानं हे होत नाही, उष्णतेनं एन्झाइम मरतं. मोड आणल्यानं फायटेटही कमी होतं, म्हणजे लोहाचाही फायदा. एक लक्षात ठेवा: सत्व करताना आपण वाटून वस्त्रगाळ करतो आणि चोथा टाकतो, त्या चोथ्यासोबत काही खनिजंही जातात. बाळ थोडं मोठं झालं की अख्ख्या नाचणीचं बारीक पीठच बरं.

फळ कुठलं, कधी

आमच्याकडे सफरचंद म्हणजे आजारी माणसाचं आणि बाळाचं फळ, असं ठरलेलंच आहे. पण सफरचंदात क जीवनसत्त्व अगदी कमी, आणि उकडल्यावर आणखी कमी. पेरू बघा, १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वर. स्वस्तही. बिया गाळून पिकलेल्या पेरूचा गर द्या. पिकलेली पपई, संत्र्याचा साल-बी काढून कुस्करलेला गर, उन्हाळ्यात हापूस किंवा पायरी. आंबा आणि पपईतून अ जीवनसत्त्वही मिळतं. फळ जेवणासोबत किंवा लगेच नंतर द्या, म्हणजे खिमटातलं लोह शोषायला मदत होते. वर्षाच्या आत रस नको, गरच द्या.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढत नाही, त्यात लोह फार नसतं. गूळ, साखर, मीठ वर्षाच्या आत वरून घालायची गरज नाही. आणि मध तर मुळीच नको. त्यात एका जीवाणूचे बीजाणू असू शकतात आणि लहान बाळाला त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. आजी-पणजीनं मध चाटवायचा आग्रह धरला तर प्रेमानं, पण ठाम नाही म्हणा.

ज्यांच्याकडे चालतं त्यांनी नीट उकडलेलं अंडं, बारीक केलेली कलेजी, काटे काढलेली मासळी सहा महिन्यांनंतर सुरू करायला हरकत नाही. त्यातलं लोह धान्यातल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं. आम्ही अंडं आणि कलेजी सुरू केली. नवीन पदार्थ एका वेळी एकच, थोडासा, आणि दोन-तीन दिवस लक्ष ठेवायचं.

तयार डब्यांचं विचाराल तर लेबल वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. साखर, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं वरती दिसली तर काय विकत घेताय ते कळेल. काही डब्यांत वरून घातलेलं लोह असतं, ते खरंच उपयोगी असतं. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे एखादी रील बघून निर्णय घेऊ नका.

जे मला माहीतच नव्हतं

शेवटची गोष्ट. इतकं सगळं करूनही शाकाहारी जेवणातून या वयात लोह पुरं पाडणं अवघड जातं. त्यासाठी सरकारी कार्यक्रम आहे, अ‍ॅनिमिया मुक्त भारत. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं सिरप, त्यात २० मिलिग्रॅम लोह. आशाताईंकडे, अंगणवाडीत, सरकारी दवाखान्यात याबद्दल विचारा. आमच्या सोसायटीपासून अंगणवाडी चालत सात मिनिटांवर आहे. मी तिथे कधी गेलोच नव्हतो. आपण समजतो ते आपल्यासाठी नाही. चिऊचं हिमोग्लोबिन आधीच कमी होतं म्हणून तिला डॉक्टरांनी वेगळा डोस दिला. मनानं डोस ठरवू नका, जास्त लोह बाळाला धोकादायक असतं आणि बाटली त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

तर, अकराव्या महिन्यात चिऊ ८.२ किलो झाली. रेघ पुन्हा वर चढायला लागलीये. अजून पूर्वीच्या जागी आलेली नाही, येईल. आता ती दिवसातून तीनदा जेवते, मधे एकदा केळं किंवा पेरू. खिमट तिच्या केसांना लागतं, माझ्या लॅपटॉपलाही. आई गावी परत गेली, पण दर महिन्याला एसटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती भरडीचा डबा पाठवते. डब्यावर चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात लिहिलेलं असतं: "पाणी कमी घाल."

आज एवढंच. तुमच्या घरात सहा महिन्यांच्या पुढचं बाळ असेल तर आज संध्याकाळी चमचा तिरका करून बघा, आणि गेल्या दोन महिन्यांतलं वजन कार्डावर मांडून बघा. रेघ आडवी वाटली तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरातलं मोठं माणूस काही सांगत असेल तर एकदा पूर्ण ऐकून घ्या. ते चुकीचंही असू शकतं, मधासारखं. पण खिमटासारखंही असू शकतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.